शांत, हिरव्या वस्तीत घर घेताना काय तपासावे

शहरातील एखाद्या शांत, झाडांनी वेढलेल्या गल्लीत शिरले की मन लगेच होकार देऊन मोकळे होते, आणि खरेदीदार पुढची चौकशी नेमकी तिथेच सैल सोडतो. घराच्या भिंती, फरशी, नळ, वायरिंग या गोष्टी विकत घेतल्या की आपल्या होतात. ज्या शांततेसाठी आणि सावलीसाठी आपण जास्तीचे पैसे मोजतो, त्यांचा मात्र खरेदीखतात कुठेही उल्लेख नसतो. समोरचे झाड नगरपालिकेचे असते, पलीकडची मोकळी जागा तिसऱ्याच कोणाची असते, आणि गल्लीतून किती वाहने जावीत हे ठरवणारे कार्यालय आणखी वेगळेच असते. म्हणून अशा वस्तीत घर पाहताना ही शांतता आणि ही हिरवाई कशावर टिकून आहे आणि ती मोडणे कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न सर्वांत आधी विचारावा.

घराच्या आधी परिसर तपासावा, कारण ओल दुरुस्त करता येते, खोल्यांची रचना बदलता येते, खिडक्या नव्याने बसवता येतात. पण मागच्या बाजूने मोठा रस्ता निघाला तर घरमालकाला त्याच खिडक्या बंद करून बसण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. स्वयंपाकघराचे ओटे आणि कपाटे पाहून मत बनवण्यापूर्वी निदान एक फेरी घराकडे पाठ करून, केवळ बाहेर पाहत मारावी.

रस्ता कुठे जातो, आवाज कुठून येतो

पहिल्यांदा नकाशा उघडावा आणि घरासमोरचा रस्ता पुढे कुठे निघतो ते पाहावे. जो रस्ता पुढे बंद होतो तो शांत असतो, कारण तिथे न राहणाऱ्या माणसाचे त्या रस्त्यावर काही काम नसते. जो रस्ता दोन हमरस्त्यांना जोडतो तो शांत असला, तर तो वाहनचालकांच्या नजरेत अजून आलेला नाही एवढाच त्याचा अर्थ असतो. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात लिओनिया नावाचे छोटे गाव आहे. मोबाइलवरील नकाशे जवळच्या मोठ्या पुलाकडे निघालेली वाहने या गावाच्या गल्ल्यांतून वळवू लागले, तेव्हा २०१८ मध्ये गावाने गर्दीच्या वेळी आपले अंतर्गत रस्ते बाहेरच्या वाहनांना बंद केले. सगळ्याच वस्त्यांना असा अधिकार मिळत नाही. म्हणून ही परीक्षा आधीच घ्यावी: ऐन गर्दीच्या वेळी दोन्ही बाजूंच्या हमरस्त्यांवरील दोन ठिकाणे मोबाइलच्या नकाशात टाकावीत आणि तो आपल्या गल्लीतून जाण्याचा मार्ग सुचवतो का ते पाहावे. सुचवत असेल, तर आजची शांतता फार दिवसांची धरून चालू नये.

आवाजाचे गणित थोडे समजून घेतले तर दलालाच्या बोलण्यावर विसंबावे लागत नाही. सतत वाहत्या रस्त्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ३ डेसिबलने उतरतो, आणि कानाला आवाज निम्मा वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबलची घट लागते. याचा अर्थ असा, की हमरस्त्यापासून २० मीटरवरच्या घराऐवजी १६० मीटरवरचे घर घेतले, तर मध्ये काहीही आडवे नसताना आवाज जेमतेम निम्मा झाल्यासारखा वाटतो. ‘मध्ये झाडे आहेत, आवाज येत नाही’ हे वाक्य तर हमखास ऐकायला मिळते. झाडांची एखादी रांग आवाज अडवत नाही. ती वाहने नजरेआड करते आणि पानांची सळसळ ऐकवते, त्यामुळे आवाज कमी झाल्याचा भास होतो. आवाज अडतो तो भरीव भिंतीने किंवा मधल्या इमारतीने, आणि तोही रस्ता त्या अडथळ्यामागे पुरता झाकला गेला असेल तर. त्यामुळे वरच्या मजल्यावरील घराला खालच्या भिंतीचा काही उपयोग होत नाही, हेही लक्षात ठेवावे.

रस्त्यावरील वाहतुकीच्या आवाजाची सरासरी पातळी ५३ डेसिबलच्या आणि रात्रीची ४५ डेसिबलच्या खाली असावी, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये केली. या सरासऱ्या दीर्घकाळाच्या मोजणीवर आधारलेल्या असल्यामुळे मोबाइलवरच्या पाच मिनिटांच्या आकड्याची त्यांच्याशी थेट तुलना करता येत नाही. मोबाइलचा खरा उपयोग दोन घरांची आपसात तुलना करण्यासाठी होतो; त्यासाठी तोच फोन, तीच वेळ आणि उघड्या खिडकीपासून तेवढेच अंतर ठेवावे.

घर पाहायला जाण्याची वेळ दलाल ठरवतो, आणि तो दुपारची निवडतो. आपण मात्र एकदा कामाच्या दिवशी सकाळी शाळा भरण्याच्या सुमारास, एकदा सुट्टीच्या आदल्या रात्री उशिरा, आणि जमल्यास एकदा भर पावसात, कोणालाही न सांगता जाऊन यावे. ओल्या रस्त्यावर टायरांचा आवाज कोरड्या रस्त्यापेक्षा जास्त होतो. निरभ्र आणि वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते, आवाज वर निघून जाण्याऐवजी पुन्हा खाली वळतो, आणि दिवसा ऐकूही न येणारा दूरचा महामार्ग किंवा रेल्वेमार्ग उशाशी आल्यासारखा वाटतो. घरासमोरच गतिरोधक असेल तर वेग कमी होतो खरा, पण प्रत्येक वाहनाचे ब्रेक लागणे आणि पुन्हा वेग घेणे आपल्याला ऐकावे लागते. शेजारच्या इमारतीचा जनरेटर, पाण्याचा पंप आणि एसीची बाहेरची यंत्रे कोणत्या भिंतीकडे तोंड करून आहेत ते पाहावे, कारण त्यांचा खालच्या पट्टीतला घरघराट बंद खिडकीतूनही आत येतो. शयनगृहात फ्रिज, पंखे वगैरे सर्व बंद करून काही मिनिटे न बोलता उभे राहावे, आधी खिडकी लावून आणि मग उघडून. खिडकी लावल्यावरच शांत होणारे घर हे, ज्यांना उघड्या खिडकीत झोपायची सवय आहे त्यांच्यासाठी, शांत घर नव्हे.

हिरवे दिसते ते कोणाचे आहे

माझ्या मते संपूर्ण खरेदीतील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत दुर्लक्षित चौकशी हीच आहे. खिडकीतून दिसणारी हिरवाई एकसारखी दिसत असली, तरी तिच्या मागची मालकी निरनिराळी असते, आणि ती टिकेल की नाही हे त्या मालकीवरच अवलंबून असते. सार्वजनिक उद्यान असेल तर ते बऱ्यापैकी सुरक्षित समजावे. उद्यानासाठी राखून ठेवलेली, पण अजून खासगी मालकीत असलेली जागा वेगळी. तिथले आरक्षण उठवले जाऊ शकते, आणि ते उठल्याची बातमी शेजाऱ्यांना बहुधा खोदकाम सुरू झाल्यावरच कळते. एखाद्या संस्थेचे किंवा शाळेचे मैदान वर्षानुवर्षे मोकळे राहते, पण संस्थेला पैशांची गरज पडली की तिचे लक्ष प्रथम त्या जमिनीकडेच जाते. आणि सर्वांत कच्ची हिरवाई म्हणजे जुन्या बंगल्याची बाग. बंगल्यात वृद्ध मालक राहत असतील आणि वारस दुसरीकडे स्थायिक झालेले असतील, तर ती जागा काही वर्षांत विक्रीला येणार असे गृहीत धरूनच आपला हिशेब करावा.

नदीकाठची, ओढ्याकाठची किंवा तीव्र उताराची जमीन बांधकामाला नालायक म्हणून हिरवी राहिलेली असते. ती टिकण्याची शक्यता चांगली, पण ज्या कारणाने तिथे कोणी बांधले नाही तेच कारण आपल्या घरापर्यंत येत नाही ना, याची खातरजमा करावी. वस्तीतील सर्वांत सखल जागा शोधून तिथून आपल्या घरापर्यंत चालत यावे. कुंपणाच्या भिंतीवर एका पातळीत गेलेली मातकट रेघ, शेजाऱ्यांनी मागाहून उंच केलेले उंबरे, तळमजल्यावर जमिनीपासून बरेच वर बसवलेले वीजमीटर, गटाराच्या झाकणाभोवती साचून वाळलेला गाळ, ही सगळी पाणी येऊन गेल्याची साक्ष आहे, आणि ती रंगाच्या एका हातात झाकली जात नाही.

मालकी आणि आरक्षण पाहण्यासाठी नगररचना विभागातील मंजूर विकास आराखडा पाहावा लागतो. त्यात घराभोवतीच्या प्रत्येक मोकळ्या जागेचा वापर काय दाखवला आहे, तिथे किती उंचीपर्यंत आणि किती क्षेत्राचे बांधकाम करता येते, आणि समोरच्या रस्त्याची प्रस्तावित रुंदी किती आहे, या तीन गोष्टी नेमक्या टिपून घ्याव्यात. रस्ता आज अरुंद आणि दोन्ही बाजूंनी झाडांनी झाकलेला असेल, पण आराखड्यातील रुंदीकरणाची रेषा झाडांच्या पलीकडून गेली असेल, तर ती झाडे आज ना उद्या जाणार आहेत, आणि कदाचित त्यांच्यासोबत अंगणाचा तुकडाही. आराखडा वाचता येत नसेल तर वास्तुविशारदाला फी देऊन वाचून घ्यावा. घराच्या किमतीच्या मानाने ती फी नगण्य असते.

जमिनीची मालकी हिरवाई कशी सांभाळते याचे जुने उदाहरण इंग्लंडमधील लेचवर्थचे आहे. १९०३ मध्ये उद्याननगरी म्हणून वसवायला घेतलेल्या त्या गावात बहुतांश जमीन गाव वसवणाऱ्या संस्थेकडेच ठेवण्यात आली होती, आणि आजही त्यातली बरीचशी एका वारसा प्रतिष्ठानाकडे आहे. तिथे हिरवाई रहिवाशांच्या सौजन्यावर सोडलेली नव्हती. आपल्या पाहण्यातल्या वस्तीत असे काही बंधन आहे का, म्हणजे रहिवासी संघाची समाईक जमीन, वारसा म्हणून मिळालेले संरक्षण किंवा बांधकामाच्या उंचीवर मर्यादा, याची चौकशी करावी. हीच बंधने पुढे आपल्यालाही मजला चढवू देणार नाहीत. ज्यांना घर वाढवायचे आहे त्यांनी हा व्यवहार आधीच पटवून घ्यावा.

झाडांची तब्येत

झाडांच्या बाबतीत एक साधे मोजमाप उपयोगी पडते. नागरी वनशास्त्राचे अभ्यासक सेसिल कोनाइनेंडाइक यांनी २०२१ मध्ये असा निकष मांडला, की प्रत्येक घरातून निदान ३ मोठी झाडे दिसावीत, वस्तीच्या ३० टक्के भागावर झाडांचे छत्र असावे आणि सर्वांत जवळची सार्वजनिक हिरवी जागा ३०० मीटरच्या आत असावी. पहिली आणि तिसरी गोष्ट आपण स्वतः मोजू शकतो. दुसरीचा अंदाज उपग्रह चित्रावरून येतो. मात्र तेवढ्यावर थांबू नये. रस्त्यावरून सावकाश चालत झाडांच्या जाती किती आहेत ते पाहावे. नावे माहीत नसली तरी पानांच्या आकारावरून फरक कळतो. सगळी झाडे एकाच जातीची आणि एकाच वयाची असतील तर गल्ली दिसायला देखणी दिसते, पण एका रोगात सगळी एकदम जाऊ शकतात. उत्तर अमेरिकेत ॲश झाडाच्या सालीखाली पोखरणारा हिरवा भुंगेरा २००२ मध्ये आढळला आणि पुढे त्याने अशी कोट्यवधी झाडे मारली. ज्या रस्त्यांवर फक्त ॲश होते ते उघडे पडले. फ्रँक सँटामूर या वृक्षशास्त्रज्ञाने १९९० मध्येच सांगितले होते, की शहरात एका जातीची झाडे १० टक्क्यांहून, एका वंशाची, म्हणजे जवळच्या नात्यातील जातींची, २० टक्क्यांहून आणि एका कुळातील ३० टक्क्यांहून अधिक असू नयेत.

मोठ्या झाडाजवळ थांबून त्याच्या बुंध्याकडे पाहावे. बुंध्याला चिकटून काँक्रीट ओतलेले असेल, मुळाशी अळंबीसारखी बुरशी उगवलेली असेल, किंवा वीजतारांसाठी शेंडा दरवर्षी छाटून छाटून झाड एका बाजूला झुकलेले असेल, तर त्या झाडाचे आयुष्य आपल्या कर्जाच्या मुदतीपेक्षा कमी असू शकते. गेल्या काही वर्षांत लावलेली रोपे वस्तीत दिसतात का, हेही पाहावे. जिथे केवळ म्हातारी झाडे उरली आहेत, तिथे कोणीतरी लावलेले आपण संपवत आहोत इतकेच.

दुसरीकडे, घराला अगदी खेटून असलेले झाड ही जबाबदारी असते. चिकणमाती पाण्याने फुगते आणि कोरडी पडली की आकसते. मोठे झाड ती आणखी कोरडी करते आणि पाया असमान खचू शकतो. मुळे धडधाकट सांडपाण्याच्या नळ्या सहसा फोडत नाहीत, पण जुन्या नळीच्या उसवलेल्या सांध्यातून आत शिरून ती तुंबवतात, म्हणून जुन्या घराची सांडपाण्याची नळी आत कॅमेरा सोडून तपासून घेणे शहाणपणाचे. पन्हळी पानांनी भरतात, सपाट गच्चीवरील पाण्याचे तोंड बुजते, सावलीतल्या भिंतीवर शेवाळ चढते. आणि झाड आपल्या आवारात असले तरी ते परवानगीशिवाय तोडता येत नाही असा नियम अनेक शहरांत असतो. ‘नंतर काढून टाकू’ या हिशेबावर घर घेऊ नये.

घर आणि रोजचे जगणे

घराच्या आतील तपासणीबद्दल इथे थोडक्यातच लिहितो, कारण ती कोणत्याही वस्तीत सारखीच असते. विक्रेत्याशी संबंध नसलेला अभियंता आपण नेमावा. दार-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या गेलेल्या, एका टोकाला रुंद होणाऱ्या भेगा, विशेषतः ५ मिलिमीटरहून रुंद, त्याला आवर्जून दाखवाव्यात. झाडीतल्या घरात प्रकाशाचा प्रश्न मात्र खास असतो. उत्तर गोलार्धात मुख्यतः दक्षिणेकडून आणि दक्षिण गोलार्धात मुख्यतः उत्तरेकडून ऊन येते. त्या बाजूला दाट सदाहरित झाड असेल तर खोली दिवसाही दिवा मागते, तर पश्चिमेकडचे झाड उन्हाळ्याच्या दुपारी घर थंड ठेवते. पानगळीची झाडे असतील तर ती निष्पर्ण असताना एकदा येऊन पाहावे, कारण त्यांच्यामागे काय लपले आहे ते तेव्हाच कळते.

कुटुंबासाठी घर घ्यायचे असेल तर शांततेची आणखी एक किंमत मोजून पाहावी लागते. शांत वस्त्या बऱ्याचदा दुकान, शाळा, दवाखाना आणि बसथांबा यांपासून दूर असतात. ४०० मीटर चालायला साधारण पाच मिनिटे लागतात. घरापासून तेवढ्या आणि त्याच्या दुप्पट अंतरात काय काय आहे ते प्रत्यक्ष चालून पाहावे, आणि चालताना दहा वर्षांचे मूल व सत्तरीतील आजोबा डोळ्यांसमोर ठेवावेत. मुलाला शाळेच्या वाटेवर मोठा रस्ता ओलांडावा लागत असेल, तर पुढची कित्येक वर्षे कोणीतरी त्याला सोडायला जाणार, आणि घरातल्या प्रत्येकाला स्वतंत्र वाहन लागणार असेल तर तो खर्च घराच्या किमतीतच धरायला हवा. रात्रीची शेवटची बस किती वाजता असते आणि रस्त्यावर दिवे लागतात का, हे तिथल्या रहिवाशांना विचारावे. ‘वस्ती कशी आहे’ असे विचारले तर सगळे चांगलेच सांगतात. ‘तुमची तक्रार कशाबद्दल असते’ असे विचारले की लोक मनापासून बोलतात.

पैसा आणि कागद

त्याच आकाराचे आणि त्याच वयाचे, पण झाडे नसलेल्या जवळच्याच भागातले घर कितीला जाते ते काढावे. दोन किमतींतील फरक म्हणजे शांतता आणि हिरवाई यांसाठी मोजलेली रक्कम. समोरच्या मोकळ्या जागेवर उद्या आराखड्यात परवानगी असलेली सर्वांत उंच इमारत उभी राहिली, तरी आपण एवढा फरक दिला असता का, असे स्वतःला विचारावे आणि उत्तर नाही असेल तर विक्रेत्यासमोर आराखड्याची प्रत ठेवून किंमत कमी करून मागावी. ही घासाघीस कागदाच्या आधाराने केली की विक्रेत्यालाही ती उडवून लावता येत नाही. देखभालीसाठी वर्षाला घराच्या किमतीच्या १ टक्का रक्कम बाजूला ठेवावी असा सर्वसाधारण आडाखा आहे. झाडांची छाटणी आणि पन्हळींची सफाई लागणाऱ्या जुन्या घराला थोडी जास्तच धरावी. कर्जाचा हप्ता ठरवताना व्याजदर वाढला तर काय होईल, हेही आकडे मांडून पाहावे.

मालकीची साखळी, जमिनीवरील कर्ज किंवा अन्य बोजा, मंजूर नकाशा आणि प्रत्यक्ष बांधकाम यांतील फरक, राहण्यायोग्य असल्याचा दाखला, हे सर्व आपल्या वकिलाने तपासावे. विक्रेत्याने सुचवलेला वकील घेऊ नये. अशा वस्त्यांत दोन गोष्टी विशेष पाहाव्या लागतात. पहिली म्हणजे शेजाऱ्याचा वहिवाटीचा हक्क: जुन्या भूखंडांतून दुसऱ्याची पायवाट, सांडपाण्याची नळी किंवा वाहनाचा रस्ता गेलेला असू शकतो, आणि तो झाडाझुडपांत दिसत नाही. दुसरी म्हणजे हद्द. मोजणी करून घेऊन मोठ्या झाडाचा बुंधा नक्की कोणाच्या बाजूला आहे ते नकाशावर नोंदवून घ्यावे, कारण पुढे ते झाड छाटण्याचा आणि तोडू न देण्याचा हक्क, तसेच ते पडल्यास भरपाई देण्याची जबाबदारी त्यावरच ठरते.

विसार देण्यापूर्वी करारात तीन अटी लिहून घ्याव्यात: तपासणी अहवालात मोठा दोष निघाल्यास पैसे परत मिळतील, कर्ज मंजूर न झाल्यास व्यवहार रद्द करता येईल, आणि ताबा देईपर्यंत विक्रेता आवारातील कोणतेही झाड तोडणार वा हलवणार नाही. शेवटची अट ऐकून विक्रेते हसतात, पण ‘नव्या मालकाला अंगण मोकळे बरे’ म्हणून ताब्याच्या आधी अंगण साफ करून देणारे विक्रेते असतात. करारासोबत आवारातील झाडांची यादी आणि तारखेसह छायाचित्रे जोडावीत, आणि किल्ल्या हातात घेण्याच्या दिवशी उरलेली रक्कम देण्याआधी ती यादी घेऊन कुंपणाच्या कडेने एक फेरी मारावी.